सहीआधीचं वाचन

ऋता, एप्रिलमध्ये तू फोनवर म्हणालीस की तुझं टॅक्सचं रिटर्न वीस मिनिटांत झालं. बसची वाट बघत उभ्या उभ्या केलंस म्हणे. मी विचारलं, "पाठवण्याआधी नीट वाचलंस ना?" तू हसलीस. "आजी, कोण वाचतं गं ते? शेवटी एक चौकोन असतो, त्यात टिक केली की झालं." मागून आदित्य ओरडला, त्याचं तर त्याच्या ऑफिसातलंच कोणीतरी करून टाकतं, त्याला काही बघावंच लागत नाही. मी विषय बदलला. तुमचा देश वेगळा, तुमचे कायदे वेगळे. पण आता इथे जून लागला आहे. सोसायटीच्या फळ्यावर खालच्या मजल्यावरच्या मुलाने 'रिटर्न भरून मिळतील' अशी चिठ्ठी टाचली आहे. येताजाता ती दिसते आणि तुझा तो चौकोन आठवतो. त्या चौकोनाच्या जागी आमच्याकडे काय असायचं ते तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते. सवडीने वाचा, पण वाचा.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. अंधेरी पूर्वेला आम्ही याच घरात राहत होतो. मी बी.कॉम. झाले होते आणि लग्नाआधी एका ऑडिटरच्या कचेरीत सहा वर्षं काम केलं होतं. तुमची आई शाळेत जायला लागल्यावर मी घरीच लोकांची आयकराची रिटर्नं भरून द्यायला लागले. दारावर पाटी नव्हती. एकाने दुसऱ्याला सांगायचं, "दुसऱ्या मजल्यावरच्या बाई करतात," आणि दुसऱ्याने यायचं. नोकरीवाल्यांची मुदत जूनअखेर संपायची, धंदेवाल्यांना आणखी एक महिना मिळायचा. ते दोन महिने आमचं जेवणाचं टेबल जेवणाचं राहत नसे. आम्ही स्वयंपाकघरात खाली पाट मांडून जेवायचो. तुमचे आजोबा ऑफिसातून आले की चपला हातात घेऊन, बाहेरच्या खोलीतल्या माणसांमधून वाट काढत आत जायचे आणि मला म्हणायचे, "अगं, जून-जुलै आपण इथे पोटभाडेकरू. भाडं किती द्यायचं ते तुझ्या क्लायंटना विचारून सांग."

त्या टेबलाचा वास मला अजून आठवतो. कार्बन पेपरचा, डिंकाचा, दमट कागदाचा, आणि दाराशी बादलीत उभ्या केलेल्या ओल्या छत्र्यांचा. कार्बनची निळी शाई बोटांना लागायची आणि पोळ्या लाटताना कणकेला लागेल म्हणून मी लिंबाची फोड चोळून हात धुवायची. डोक्यावर पंखा फरफर चालायचा. कागद उडू नयेत म्हणून वरवंटा, खलाचा बत्ता, इस्त्री, हाताला लागेल ते वजन ठेवलेलं असायचं. खाटेवर पाच माणसं आणि दोन स्टुलांवर दोन, अशी बसायची सोय होती. प्रत्येकाच्या मांडीवर त्याची त्याची कागदपत्रं. कोणाची बिस्किटाच्या डब्यात, कोणाची साडीच्या खोक्यात, एका गृहस्थांची तर उशीच्या अभ्र्यात, वर गाठ मारून.

अवघड माणसं फार नव्हती, पण जी होती ती लक्षात राहिली. काही जण काहीच सांगत नसत. मी पगार विचारला की ते आधी मागे वळून खाटेकडे बघायचे. काही जण सगळंच सांगत. मरोळ गावात रेजिना म्हणून एक विधवा बाई होती. तिच्या जुन्या घराच्या तीन खोल्या भाड्याने दिलेल्या. भाडं किती एवढंच मला हवं असायचं, पण ती पहिल्या खोलीतल्या माणसाच्या भावाचं लग्न का मोडलं इथून सुरुवात करायची. मी घड्याळाकडे बघितलं की म्हणायची, "ऐक गो बाय, कामाचंच सांगते." काही जण फीवरून घासाघीस करत. काहींना वाटे की मी सरकारची माणूस आहे, आणि काहींना वाटे की मी सरकारला फसवायला बसले आहे. या दुसऱ्या प्रकारच्या लोकांचा मला जास्त त्रास व्हायचा.

आणि माझा त्यांना व्हायचा, कारण माझा एक नियम होता. रिटर्न तयार झालं की मी ते सही करणाऱ्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायची. फॉर्म इंग्रजीत असे. मी एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग तिचा अर्थ मराठीत सांगायची. शेवटी एक कलम असायचं: मी अमुक, तमुक यांचा मुलगा किंवा तमुक यांची पत्नी, जाहीर करतो वा करते की वर दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. ते वाचून झालं की मी विचारायची, "बरोबर?" त्याने "बरोबर" म्हटलं की मगच मी पेन पुढे करायची. सही घरी नेऊन करून आणतो म्हणणाऱ्याला मी फॉर्म देत नसे. नवऱ्याचं बायकोने किंवा बापाचं मुलाने ऐकलेलं चालत नसे.

ही सवय माझ्या वडिलांची. ते कोर्टात दुभाषे होते. ज्या कागदाचं एक अक्षर ऐकलेलं नाही त्यावर माणसं अंगठा उठवतात हे त्यांनी रोज पाहिलं होतं. घरी वाण्याची यादीसुद्धा ते आईला वाचून दाखवायचे आणि मग "मान्य?" असं विचारायचे. माझ्या कॉन्व्हेंटच्या शिक्षणाने मला इंग्रजी दिलं, पण त्या इंग्रजीचं काय करायचं हे मी वडिलांकडून शिकले असं मला वाटतं.

लोक वैतागायचे. एकेका वाचनाला दहा मिनिटं लागत, खाटेवरचे ताटकळत. शिवाय आपली मिळकत दुसऱ्याने ऐकलेली कोणाला आवडत नाही. म्हणून मी अगदी हळू आवाजात वाचायची आणि पंखा पाचावर ठेवायची. पंख्याच्या आवाजात खाटेपर्यंत काही पोचत नसे. निदान मला तसं वाटायचं. एकट्या रेजिनाला वाचन आवडायचं. डोळे मिटून, हात जोडून ऐकायची आणि संपलं की "आमेन" म्हणायची.

तावडे माझ्याकडे आले ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीतून. आधी गिरणीत फिटर होते. गिरणी सुटल्यावर त्यांनी वसाहतीत मोटर वाइंडिंगचा गाळा टाकला आणि तो चांगला चालवला. मूळचे मालवणकडचे, आवाज मोठा, बोलणं तुटक. कागद आणायचे मिठाईच्या खोक्यात. खोकं उघडलं की तांब्याच्या तारेचा आणि बर्फीचा असा एकत्र वास यायचा. बसल्या बसल्या म्हणायचे, "चला मॅडम, उरका. गाळ्यावर माणूस उभा आहे." मी वाचायला लागले की, "ओ, मला माहीत आहे ना काय आहे त्यात, मीच सांगितलं ना तुम्हाला." तरी दर वर्षी यायचे, आणि येताना शेजारच्या गाळेवाल्यांनाही आणायचे. सहा फायली त्यांच्या शब्दावर माझ्याकडे आल्या होत्या. माझ्यासारखीच्या कामात सहा फायली म्हणजे पुष्कळ.

एका वर्षी जूनमध्ये ते सकाळीच आले, बरोबर बायकोला घेऊन. सुलभा तिचं नाव. उंच, हडकुळी बाई, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. ती खाटेच्या कडेला बसली. तिच्या शेजारी रेजिना आपली पाळी येण्याची वाट बघत होती.

"मॅडम, हिच्या नावाची एक फाइल उघडायची," तावडे म्हणाले.

हे प्रकरण मला नवीन नव्हतं. त्या काळी पुष्कळ धंदेवाले असं करत. घरातल्या बाईच्या नावाने दर वर्षी एक रिटर्न भरायचं, तिला शिकवण्यांतून किंवा भरतकामातून थोडीशी मिळकत होते असं दाखवायचं. पाच-सहा वर्षांत कागदावर तिची म्हणून काही शिल्लक तयार होते. पुढे जागा घेताना नवऱ्याचे दडवलेले पैसे तिच्या नावाखाली बाहेर काढता येतात. तावड्यांना शेजारचा गाळा घ्यायचा होता. चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांना हा मार्ग सांगितला होता.

मी तिला विचारलं, "तुम्ही काय करता?"

उत्तर तावड्यांनी दिलं. "शिवणकाम लिहा. ब्लाउज, परकर, असलं काय काय. चिठ्ठीवर आकडा लिहून आणलाय."

मी चिठ्ठी घेतली. इथे मी तुम्हाला खरं ते सांगते: मला संशय आला होता, तरी मी फॉर्म भरायला घेतला. मनात म्हटलं, असेल शिवत. पुष्कळ बायका शिवतात. आणि सहा फायलींचा विचार मनात नव्हता असंही नाही. पेन्सिलने कच्चा फॉर्म भरून झाला. मग सवयीने मी सुलभाला समोरच्या खुर्चीत बोलावलं आणि वाचायला सुरुवात केली. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता. ती मान हलवत होती. मग धंद्याची ओळ आली. मी वाचलं, "शिवणकाम, स्वतःच्या मशिनवर, राहत्या घरी."

ती एकदम हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवून हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई, माका सुईत दोरो ओवूक येणा नाय," ती म्हणाली. "ह्यांच्या शर्टाचा बटण शेजारची लावून देता."

खाटेवर रेजिनाही हसली. तेव्हा मला कळलं की पंख्याच्या आवाजातही खाटेवर सगळं ऐकू जातं. मी इतकी वर्षं उगीच समजत होते.

"गप गे," तावडे म्हणाले. "लिहायचं असतं तसं. सही कर नि चल."

"कसली सही करू? मशीन नाय घरात." मग ती माझ्याकडे वळली. आता ती हसत नव्हती. "बाई, माझी कमाई आहे. खोटी कशाला लिहायची? तेरा डबे जातात माझे."

तावड्यांच्या वसाहतीत कामाला येणारी कितीतरी माणसं एकटी राहणारी होती. कोणाची बायको गावी, कोणाचं लग्न व्हायचं होतं. त्यातल्या तेरा जणांना सुलभा दुपारच्या जेवणाचे डबे करून देत होती. पहाटे उठून भात, आमटी, एक भाजी, चपात्या, बुधवारी आणि रविवारी मासे. शेजारणीचा दीर ते सायकलवरून पोचवायचा. हे तिने मला चार वाक्यांत सांगितलं. तावडे खिडकीबाहेर बघत होते.

"मग हेच लिहू," मी म्हणाले. "जेवणाचे डबे. यात काय वाईट आहे?"

"नाही लिहायचं," तावडे म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मॅडम, सरकारी कागदावर लिहिणार तुम्ही, की तावड्याची बायको डबे विकते? ज्यांना ती जेवायला घालते ते माझ्याकडेच कामाला आहेत अर्धे. शिवणकाम लिहा. घरातल्या बाईला शोभेल असं."

मला आजही त्याचं नवल वाटतं. खोटं लिहिण्याची त्या माणसाला लाज वाटत नव्हती. खरं लिहिण्याची वाटत होती.

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, "तावडे, यांनी 'बरोबर' म्हटल्याशिवाय मी हा फॉर्म पक्का करणार नाही. आणि या म्हणणार नाहीत."

"मग राहू दे. दुसरे पण बसलेत बाजारात." त्यांनी खोकं बंद केलं. स्वतःची फाइल मागून घेतली. आठवड्याभरात त्यांनी आणलेल्या सहाही जणांनी आपापल्या फायली मागून नेल्या. एकाने दारात अवघडून सांगितलं, "तावडेशेट बोलतात, मॅडमनी त्यांची बायको बिघडवली." दुसऱ्या ठिकाणी नेऊनही सुलभाने सही केली नाही, असंही त्याच्याकडूनच कळलं. मला बरं वाटलं. फायली गेल्याचं वाईट वाटलं, पण आपण बरोबर वागलो याचं समाधान फार मोठं असतं. ते समाधान घेऊन मी पंधरा दिवस ताठ मानेने वावरत होते.

जुलैच्या सुरुवातीला सुलभा एकटीच आली. बसने आली होती. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक शाळेची वही. दुपारची वेळ होती आणि तिच्यापुढे चार माणसं होती, ती तासभर स्टुलावर बसली. पाळी आली तेव्हा तिने वही पुढे केली.

ती वही मी अजून विसरलेले नाही. दर पानावर एक महिना. उभ्या ओळीत तेरा नावं, आडव्या ओळीत तारखा. डबा गेला की बरोबरची खूण, नाही गेला की फुली. कोणी गावी गेला असेल तर तिथे छोटीशी होडी काढलेली. मागच्या पानांवर तांदूळ, तेल, रॉकेल, मासे, सगळा खर्च. मोठ्या ऑडिटरच्या कचेरीतही मी इतकी स्वच्छ वही क्वचितच पाहिली होती. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. मग पंधरा मिनिटं बसून जमा बघितली, खर्च वजा केला.

"सुरुवातीला भांडवल कोणाचं? तावड्यांचं?" मी विचारलं, कारण नवऱ्याच्या भांडवलावरची मिळकत कायदा नवऱ्याचीच धरतो.

"नाय. आईनं दिलेली साखळी मोडली."

"छान. मग हे तुमचंच उत्पन्न." मी पेन्सिलने खाली रेघ मारली. "आणि ते करपात्र मर्यादेच्या बरंच खाली आहे. तुम्हाला रिटर्न भरायची गरज नाही. निश्चिंत राहा. फीसुद्धा नको."

ती वहीकडे बघत राहिली. "म्हणजे कागद नाय?"

"कागदाची गरजच नाही ना."

"बरं," ती म्हणाली. वही पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं आणि उठली. मी पुढच्याला हाक मारली.

मी तिला हे विचारलं नाही की तुम्ही एवढ्या पावसात, एकट्याच, बस बदलून कशासाठी आलात. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

ऑगस्टमध्ये रेजिना घरपट्टीची पावती दाखवायला आली. पावतीला दोन मिनिटं लागली आणि मग नेहमीप्रमाणे गाव सुरू झालं. त्यात ती सहज म्हणाली, "तुझी ती उंच बाई गो, डबेवाली. वसाहतीचं कँटीन हवं होतं तिला. तीन वर्षांचा ठेका. अर्ज केला तर म्हणतात, धंद्याचा काही सरकारी कागद दाखव, टॅक्सबिक्सचा. तिच्याकडं काय दाखवायला? दुसऱ्याला गेलं."

मी म्हटलं, "पण तिला रिटर्न भरायची गरज नव्हती. तिची मिळकत मर्यादेच्या खाली होती."

रेजिनाने पावती घडी करून पिशवीत घातली. मग म्हणाली, "बाय, खाली असलं तर सरकार भरू देत नाही काय?"

सरकार भरू देतं. मर्यादेच्या खाली असतानाही कोणी स्वतःहून रिटर्न भरलं तर ते घ्यावं लागतं. हे मला माहीत होतं. ऑडिटरच्या कचेरीत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मला ते त्या दुपारी सुचलं नाही, कारण माझ्या दृष्टीने प्रश्न टॅक्सचा होता, तो लागत नव्हता, म्हणजे प्रश्न सुटला होता. अवघड क्लायंटशी कसं वागायचं हे मला चांगलं जमायचं. आवाज न चढवता नाही म्हणणं, खोटं न लिहिणं, सहा फायली सोडून देणं, सगळं जमलं. ती बाई अवघड नव्हती. "बरं" म्हणून उठून गेली, म्हणून तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

तिचा पत्ता माझ्याकडे होता. कच्चा फॉर्म मी टाकला नव्हता. तरी मी गेले नाही. काय सांगणार होते जाऊन? कँटीन गेलेलं होतं. तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी येईल ती." मी म्हटलं, "कशाला येईल?" त्यांनी पेपर परत उचलला.

आली मात्र. पुढच्या वर्षी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी. आणि तिच्यामागून तावडे, मिठाईचं खोकं काखेत धरून.

"फाइल परत आणली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिकडं जिन्यात उभं राहायला लागतं. इथं निदान पंखा आहे." आणि खाटेवर जाऊन बसले.

सुलभा समोरच्या खुर्चीत बसली आणि वही उघडली. ह्या वेळी वही जाड होती, दोनशे पानी. उभ्या ओळीत तेवीस नावं.

मी आधी माझं बोलून घेतलं. म्हटलं, "मागल्या वर्षी माझी चूक झाली. मर्यादेच्या खाली असलं तरी रिटर्न भरता येतं. मी ते सांगायला हवं होतं. कँटीनचं मला नंतर कळलं. या वर्षी कितीही होवो, मी भरून देते."

"कँटीनचा आता दोन वर्षांनी," ती म्हणाली. "ता जाऊ दे. पण खालचा नको माका. वरचा भरा."

"म्हणजे?"

"खालचा म्हणजे तुम्ही उपकार म्हणून भरून दिलात. वरचा म्हणजे माका भरूकच लागता. तेवीस डबे त्यासाठी केले."

माझ्या सगळ्या वर्षांत मी असा क्लायंट पाहिला नव्हता. माझं काम काय? खर्च शोधून काढायचे, वजा करायचे, माणसाला मर्यादेच्या खाली आणायचं. लोक मला त्यासाठीच पैसे देत. इथे बाई माझ्या प्रत्येक वजाबाकीवर भांडायला बसली होती. मी रॉकेल धरलं, तर म्हणाली, "घरचा पण रॉकेल त्यातच हा, सगळा कशाक काढतास?" मी अर्धं धरलं. मी नव्या डब्यांचा खर्च धरला, तर म्हणाली, "ते काय संपले काय? हत ते अजून." मग तिला झीज म्हणजे काय हे समजावावं लागलं. मीठ-मसाला मी अंदाजाने धरला, तर तिने मागचं पान काढून दाखवलं की अंदाज जास्त होता. खाटेवरची माणसं पुढे सरकून ऐकत होती. एक जण तर म्हणाला, "बाई, माझं रिटर्न यांच्याकडे द्या, आणि यांचं मला."

तरी बेरीज खाली आली. थोडीशीच, पण खाली. मी रेघ मारली.

तिने वही स्वतःकडे वळवली. शेवटची पानं उलटली. "गणपतीचे मोदक धरलात?"

"कुठले मोदक?"

"वसाहतीच्या गणपतीचे. आणि ख्रिसमसाक रेजिनाबायच्या गावात वडे दिलंय, ते? ते वेगळ्या पानार हत."

होते. वेगळ्या पानावर, तारखांसकट, खर्चासकट. मी ते मिळवले, त्याचा खर्च वजा केला आणि पुन्हा बेरीज केली. मग खात्री म्हणून खालून वर केली. ती माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होती.

"वर आहे," मी म्हणाले.

कर निघाला तो इतका थोडा होता की बँकेतल्या कारकुनाने चलन दोनदा उलटसुलट करून बघितलं, असं तिने मला नंतर सांगितलं. पण ते नंतर. त्या दुपारी मी फॉर्म शाईने भरला आणि वाचायला घेतला. नाव. तावड्यांची पत्नी. पत्ता. मग धंद्याची ओळ. "जेवणाचे डबे तयार करून पुरवणे, राहत्या घरी. रोजचे डबे तेवीस."

"चोवीस," खाटेवरून आवाज आला.

मी वर बघितलं. तावडे खोक्याच्या दोरीशी चाळा करत होते. "चोवीस जातात. मीच स्कूटरला अडकवून नेतो सकाळी. मोजून नेतो."

सुलभा मागे वळली नाही. "चोवीसावो तुमचो," ती म्हणाली. "त्याचे पैशे खंय देतास?"

खाटेवर हशा झाला. तावड्यांनी मला विचारलं, "मॅडम, कायद्यात काय आहे?"

"घरच्या माणसाचं जेवण उत्पन्नात धरत नाहीत," मी म्हणाले, आणि तेवीस तसेच ठेवले. पुढचं सगळं वाचलं, शेवटच्या कलमापर्यंत. मग विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली. मी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं, फॉर्मवर टेकवलं आणि थांबली.

"बाई, धंद्याची ओळ परत वाचा. जरा मोठ्यान. ह्यांका ऐकाक गेला काय नाय, कोण जाणे."

मी उठले, पंख्याचं बटण बंद केलं, आणि पंखा पुरता थांबल्यावर ती ओळ पुन्हा वाचली.